चरकावरचं नाव



मागच्या हंगामाच्या ऊसनोंदीसाठी आम्ही हिवरखेड भागात फिरत होतो. हिवरखेड म्हणजे सातपुड्याच्या पायथ्याचं गाव. वर डोंगर, जवळच वारी भैरवगडला वान नदीवरचं हनुमान सागर धरण, आणि खाली पूर्णेच्या काठाने पसरलेला खारपाणपट्टा. ह्या दोहोंच्या मधल्या पट्ट्यात पाणी गोड आणि वावरं काळी, भारी. कापूस, तूर, संत्रा, केळी, पानमळे अशा सगळ्या पिकांत आपल्या काही सभासदांचा ऊसही तेथे उभा असतो. ऐन पाण्याच्या दिवसांत त्यातल्याच एका सभासदाची मोटर जळाली. फटफटीवर मागे मोटर बांधून ते दुरुस्तीला निघाले होते. आमची नोंद राहिली होती, म्हणून आम्हीही त्यांच्यासोबत गेलो.

रस्त्याच्या कडेला टिनाचं दुकान. आत एक बाक, तांब्याच्या तारेची रिळं, तारेवर ओवून टांगलेले जुन्या पंपांचे पंखे. मालक साठीला टेकलेले. दुकान उघडायची वेळ पहाटेची; बंद करायची वेळ ठरलेली नाही, कारण शेतीची लाइट पाळीपाळीने येते, कधी दिवसाची तर कधी रातची. “लाइट रातची, त मोटरबी रातचीच जयते, साहेब,” असं ते म्हणाले. घर दुकानाच्या मागेच. दुपारी घरच्या बाई जेवणाचा डबा घेऊन येतात आणि गुंडाळीत घालायचा कागद मापाने कापून देतात. सुरुवातीला दिवस कठीण होते, तेव्हा त्यांनी हे काम पाहून पाहून शिकून घेतलं. तीस वर्षांत ह्या दुकानावर दोन मुली उजवल्या, मुलाचं शिक्षण झालं. उधारीची वही मात्र जाडच होत गेली. “पीक आल्यावर देतो म्हनते लोक. देतेतबी. पन पीक आलं पायजे ना!”

मोटर उघडेपर्यंत वेळ होता म्हणून आम्ही मागच्या बाजूला गेलो, तर तेथे गवतात उसाचा एक लोखंडी चरक पडलेला. तीन उभे रूळ, वर दांडी बसवायची खाच. कोण्या कास्तकाराने भंगारात विकायला आणून टाकला होता. ह्या गृहस्थांनी वजनाचे पैसे देऊन तो ठेवून घेतला, पण फोडायला त्यांचा हात होईना. गंज खरवडल्यावर बिडावर उठावाची अक्षरं दिसली : किर्लोस्कर.

त्यांनी आम्हांला विचारलं, “साहेब, हे नाव त म्या जल्मभर वाचलं. पंपावर, इंजनावर, आता ह्या चरकावरबी. पन किर्लोस्कर म्हंजे नेमकं काय? मानूस होता का गाव होतं?”

आम्ही म्हटलं, दोन्ही. आधी माणूस, मग गाव.

“मंग सांगा ना.”

आम्ही सांगायला बसलो आणि दहा मिनिटांत आमची शिदोरी संपली. शेतकी पदविका घेतलेल्या, वीस वर्षे ऊस विकासाचं काम करणाऱ्या माणसाला ज्या पंपाशिवाय ऊसच उभा राहत नाही त्याच्या कर्त्याची धड माहिती सांगता येऊ नये, ह्याची आम्हांला शरम वाटली. नंतर मिळेल ते वाचून काढलं. ते त्या दुकानदारांना सांगून झालं आहेच. आता आपल्यासमोर ठेवतो.

लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूर ह्या गावी झाला. आडनाव मूळ कोकणातल्या किर्लोस गावावरून आलेलं. संगीत नाटकाचे अण्णासाहेब किर्लोस्कर हेही ह्याच गुर्लहोसूरचे. तेव्हा एका लहानशा गावाने महाराष्ट्राला संगीत नाटकही दिलं आणि लोखंडी नांगरही. लक्ष्मणरावांचं शाळेत चित्त नव्हतं. हात चालायचे ते चित्रं काढण्यात आणि यंत्रं खोलण्यात. थोरले बंधू रामचंद्रपंत, म्हणजे रामूअण्णा, यांच्या आधाराने १८८५ साली ते मुंबईला जे. जे. कलाशाळेत चित्रकला शिकायला गेले. तेथे ध्यानात आलं की त्यांना काही रंगच नीट ओळखता येत नाहीत. चित्रकाराला रंग ओळखू येऊ नयेत, म्हणजे उसाच्या माणसाला पेर ओळखू येऊ नये तसं झालं! दुसरा एखादा गावी परत गेला असता. ह्यांनी रंग सोडले पण रेघ धरून ठेवली. यंत्रांची रेखाचित्रं काढायला शिकले आणि मुंबईच्याच व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये तोच विषय शिकवण्याच्या नोकरीस लागले.

त्याच सुमारास, १८८८ मध्ये, त्यांनी मुंबईत सायकल पाहिली. आणि दोघा भावांनी धंदा मांडला तो असा : लक्ष्मणराव नोकरी सांभाळून मुंबईत सायकली घ्यायचे आणि बेळगावला पाठवायचे, रामूअण्णा बेळगावात त्या विकायचे. ‘किर्लोस्कर ब्रदर्स’ हे नाव ह्या सायकलीच्या दुकानाचं. त्या काळात एका सायकलीला सातशे ते हजार रुपये पडत, म्हणजे ते श्रीमंतांचंच वाहन. पण नुसती विकून भागत नसे. घेणाऱ्याला ती चालवता कुठे यायची? म्हणून रामूअण्णा चालवायला शिकवीत आणि त्या शिकवणीचे पंधरा रुपये घेत.

हे ऐकून आमचे दुकानदार खूश झाले. “म्हंजे विकाचंबी आन् शिकवाचंबी! आमी त मोटर बसवून देतो, बटन कसं दाबाचं ते फुकट शिकवतो. येथंच चुकलं आपलं.”

एक भाऊ मुंबईत, एक बेळगावात, मध्ये टपालखातं, असा संसार नऊ-दहा वर्षे चालला. मग १८९७ साली शाळेतली बढती लक्ष्मणरावांच्या हक्काची असताना ती एका अँग्लो-इंडियन गृहस्थाला दिली गेली. लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला आणि ते बेळगावला भावाच्या दुकानात आले. आम्ही स्वतः पगारी माणसं असल्यामुळे बढती हुकण्याचं दुःख आम्हांला समजतं. पण राजीनामा लिहायला जे काळीज लागतं ते वेगळं. घरात पत्नी राधाबाई, भावाची माणसं, आणि हाती एक दुकान. एवढ्या भांडवलावर त्यांनी ठरवलं की दुसऱ्याने केलेला माल विकण्यापेक्षा आपल्या कास्तकाराला लागेल असा माल आपण स्वतः करावा.

पहिलं यंत्र कडबाकुट्टीचं. जनावरापुढे अख्खा कडबा टाकला की ते पाला खातं आणि धांडा तुडवतं, हे आपल्याला माहीत आहे. कापून घातला तर सगळा पोटात जातो. ते यंत्र बऱ्यापैकी चाललं. दुसरं यंत्र लोखंडी नांगर, आणि तेथे घोडं अडलं.

नांगर तयार होऊन दुकानात उभे होते आणि दोन वर्षे गिऱ्हाईक मिळेना. लोखंडाने जमीन विषारी होते, पीक येत नाही, असा लोकांचा पक्का समज होता. लक्ष्मणरावांच्या चरित्रकथेत ही गोष्ट नेहमी येते आणि ऐकणारे हसतात. आम्हीही पूर्वी शेतकरी मेळाव्यात ही गोष्ट हसण्यासाठीच सांगत होतो. आता तसं करीत नाही. त्याचं कारण पुढे येईल.

सभासद बंधूंनो, थोडा विचार करा. विष हा एक शब्द झाला. त्याच्या पोटात काय काय होतं? लाकडी नांगर गावच्या सुताराने केलेला, फाळ गावच्या लोहाराने ठोकलेला. मोडला तर संध्याकाळपर्यंत दुरुस्त, आणि मजुरी सुगीला धान्याने. बेळगावहून आणलेलं बीड मोडलं तर ठोकून जुळत नाही. ते कुठे न्यायचं? लाकडी नांगर हलका. लोखंडी नांगर खोल जातो म्हणून त्याला बैलजोड्या जास्त लागणार. त्या कोणाच्या दावणीला आहेत? शिवाय आपल्या वऱ्हाडातल्यासारखी काळी जमीन असेल तर उन्हाळ्यात हात जाईल अशा भेगा पडतात. आपली जुनी माणसं म्हणत की वावर आपोआप नांगरल्या जाते. ती वर्षाला वखरच चालवीत आणि नांगर क्वचितच काढीत. मग कुंदा आणि हरळी ज्या वावरात खोलवर बसली आहे तेवढ्यापुरतंच खोल नांगरणीचं काम. हे सगळं समजावून कोणी सांगत नाही. माणूस म्हणतो, “विष होते बावा,” आणि मोकळा होतो.

आणि एक गोष्ट खुद्द नांगरातही होती. किर्लोस्करांच्या फाळाचं टोक विलायती नांगराच्या मानाने मऊ होतं, ते लवकर झिजे. ही तक्रार आली तेव्हा लक्ष्मणरावांनी कास्तकाराला अडाणी म्हटलं नाही. ते भट्टीकडे वळले. बिडाचं असं आहे की वितळलेला रस साच्यात ओतल्यावर ज्या अंगाला झटकन गारवा मिळतो ते अंग कडक होतं आणि सावकाश निवतं ते मऊ राहतं. खटपट करून त्यांनी टोक कडक केलं, आणि मग नांगर खपू लागला.

आता आमचं कारण सांगतो.

काही वर्षांपूर्वी पाचट न जाळण्याची मोहीम आमच्याकडे होती. शिफारस पक्की आहे आणि आजही आम्ही तीच सांगतो : तोडणीनंतर पाचट न जाळता सरीत दाबावं, टनाला ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजवणारं जिवाणू संवर्धन टाकावं. ओल टिकते, तण दबतं, जमिनीला सेंद्रिय खत मिळतं. एका वयस्क सभासदाने आम्हांला साफ नकार दिला. “साहेब, माह्या वावरात पानी उभं रायते. पाचट ठेवलं त खोडवा पिवया पडन.” आम्ही बरंच समजावलं. ते ऐकेनात. आम्ही अहवालात त्यांच्या नावापुढे ‘उदासीन’ असा शेरा लिहिला आणि शेजारच्या वावरात प्रात्यक्षिक घेतलं. शेजारी बिचारा भिडस्त, हो म्हणाला.

त्या वर्षी श्रावणात झड लागली ती आठ दिवस. वरच्या निम्म्या वावरात खोडवा उत्तम आला. खालच्या निम्म्यात पाणी जिरेना, पाचट चिखलात कुजलं, मुळ्यांना हवा मिळेना, आणि खोडवा पिवळा पडून नांग्याच नांग्या झाल्या. त्या भिडस्त शेजाऱ्याने आम्हांला एका शब्दाने दोष दिला नाही. तेच जास्त लागलं. त्याच्या मुलीच्या लग्नाचं त्या उसाच्या पैशावर ठरलं होतं. ते एक वर्ष पुढे ढकलावं लागलं.

दुसऱ्या वर्षी आम्ही त्या वयस्क सभासदाच्या ओट्यावर जाऊन बसलो. ते उठले, काठी घेतली, दोन्ही वावरं फिरवून दाखवली आणि चर कुठून काढायचा त्याची रेघ मातीत काठीने ओढली. आधी चर काढला, मग पाचट ठेवलं. खोडवा साधला. शिफारस चुकीची नव्हती. त्या वावराला आधी दुसरं काही पाहिजे होतं, आणि ते त्या माणसाला ठाऊक होतं. ‘उदासीन’ हा शेरा आम्ही आमच्या हाताने खोडला. पण शेजाऱ्याचं गेलेलं वर्ष काही खोडता येत नाही.

तर असो. बेळगावचा कारखाना बरा चालू लागला होता, तोच नवीन संकट उभं राहिलं. नगरपालिकेला त्या जागेवर नवी वस्ती वसवायची होती. किर्लोस्करांना जागा सोडणं भाग पडलं. जमवलेलं सगळं उचलून कुठे न्यायचं? औंध संस्थानात त्यांनी एक बांधकाम केलं होतं, त्यामुळे तेथले अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांची ओळख होती. बाळासाहेब स्वतः चित्रकार. एक रंग न ओळखणारा चित्रकार आणि एक राजा चित्रकार यांचं जमलं असल्यास नवल नाही. बाळासाहेबांनी दहा हजार रुपये बिनव्याजी दिले आणि कुंडल रोड स्टेशनाजवळची बत्तीस एकर माळाची जमीन दिली.

मार्च १९१० मध्ये लक्ष्मणराव त्या माळावर उतरले. निवडुंग, दगड आणि नाग, असा तो माळ. पाण्याचे हाल. सोबत सुमारे पंचवीस कामगार आणि त्यांची बायकामुलं. थोरला मुलगा शंतनू तेव्हा जेमतेम सात वर्षांचा. आम्ही पुष्कळदा विचार करतो त्या बायांचा. पुरुषांना निदान भट्टी पेटवायचं वेड होतं. बेळगावसारखं गाव, शेजारपाजार आणि बाजार सोडून राधाबाईंपासून सगळ्या जणी त्या निवडुंगात चूल मांडायला आल्या, ते कशाच्या भरवशावर? कारखान्यांच्या इतिहासात यंत्रांच्या तारखा सापडतात, चुलींच्या सापडत नाहीत.

वसाहतीची व्यवस्था रामूअण्णांनी पाहिली. यंत्रांच्या कामात शंभूराव जांभेकरांसारखे सहकारी मिळाले. ह्या वाडीत लक्ष्मणरावांनी शिवाशीव चालू दिली नाही. आणि शिक्षा भोगून आलेल्या माणसांना त्यांनी कामावर घेतलं, तेही कुठे? रात्रीच्या पहाऱ्यावर! ज्याला गाव दारात उभं करीत नव्हतं त्याच्या हाती कारखान्याची राखण दिली. हे आम्ही दुकानदारांना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “बायको-लेकरं घरात झोपलेली असतीन, आन् भाईर असा मानूस. हिंमत लागते राजेहो.”

पहिलं महायुद्ध आलं आणि बाहेरचं लोखंड आणि कोळसा दुर्मिळ झाला. नांगराला मागणी आणि ओतायला लोखंड नाही! त्या वेळी कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी जुन्या तोफा दिल्या आणि त्या वितळवून नांगर केले गेले.

१९२० साली कंपनीची रीतसर नोंदणी झाली आणि त्याच वर्षी ‘किर्लोस्कर खबर’ निघालं. ही बाब आमच्यासारख्या वार्तापत्रात लिहिणाऱ्याला विशेष जिव्हाळ्याची. पुतणे शंकरराव किर्लोस्कर लाहोरला सातवळेकरांकडे चित्रकला शिकून आलेले. काकांचे राहिलेले रंग पुतण्याने उचलले म्हणा. कारखान्याची आणि मालाची खबर गिऱ्हाइकांना कळवावी म्हणून त्यांनी हे पत्रक काढलं. त्याचंच पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक झालं, आणि मग ‘स्त्री’ व ‘मनोहर’ आली. नांगराच्या जोडीने निघालेलं पत्रक महाराष्ट्राच्या घराघरांत पोचलं. आपलं वार्तापत्र तेवढी मजल मारील असा आमचा दावा नाही. सभासदांनी ते निदान पुड्या बांधायला नेण्यापूर्वी वाचावं एवढीच विनंती.

आता चरकाकडे येऊ. पूर्वी ऊस लाकडी घाण्यात पिळत. लाकूड झिजतं, सांध्यांत रस आंबतो, चोयटीत निम्मा रस राहून जातो. लोखंडी तीन रुळांचा चरक आला तसा बैलाच्या त्याच फेऱ्यांत रस जास्त निघू लागला. तरीही बैलाच्या चरकातून शंभर किलो उसामागे पन्नास-साठ किलोच रस हाती येतो. आज आपल्या कारखान्याच्या गिरणीत चोयटीवर गरम पाणी मारून पुन्हा पुन्हा दाबतात तेव्हा तिच्यातली बहुतेक साखर निघते. पण ज्या काळी कारखाना नव्हता, त्या काळी कास्तकाराच्या बांधावर गुऱ्हाळ लागायचं ते ह्या चरकावर. मुलं रसाला लोटा घेऊन उभी असायची. आमच्या आजोबांच्या तोंडून ऐकलं आहे की असे चरक अकोल्यापर्यंत रेल्वेने यायचे आणि तेथून बंडीवर, मुक्काम करीत करीत, वर यायचे.

किर्लोस्करवाडीत चरकाशिवाय भुईमुगाच्या शेंगा फोडण्याचं यंत्र झालं, हातपंप झाले, आणि १९२६ मध्ये फिरत्या पंख्याचा पंप तयार झाला. आपल्या दुकानदाराने तारेवर टांगलेले पंखे ते हेच. पंखा पाण्याला गरगर फिरवून बाहेर फेकतो, त्या जागी खालचं पाणी वर ओढलं जातं. एवढंच त्याचं मर्म. पण त्याने मोटेचे बैल सोडवले. मोटेच्या पाण्यावर कास्तकार भाजी करू शकत होता, दोन बिघे मळा करू शकत होता. बारा महिने पाणी पिणारा ऊस एकरोगणती उभा राहणं कठीणच होतं. १९४६ साली पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स निघाली आणि पंपाला डिझेलचं इंजन मिळालं. ज्यांनी साठी ओलांडली आहे त्यांना विहिरीवरच्या त्या इंजनाचा आवाज अजूनही झोपेत ओळखू येईल.

१९२६ हे साल आणखी एका गोष्टीसाठी. शंतनुराव अमेरिकेतून, मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधून, यंत्रविद्येची पदवी घेऊन वाडीला परत आले. शिकलेल्या मुलाने परत यावं ह्यासाठी परतण्यासारखं काहीतरी गावी असावं लागतं; ते बापाने आणि काकाने उभं करून ठेवलं होतं. पुढे शंतनुरावांनी तो व्याप पुणे आणि बाहेरच्या मुलुखात कितीतरी पटींनी वाढवला. लक्ष्मणराव २६ सप्टेंबर १९५६ रोजी वारले. त्यांच्या जन्मशताब्दीला, २० जून १९६९ रोजी, टपालखात्याने त्यांचं तिकीट काढलं. पंप आजही किर्लोस्करवाडीत तयार होतात. आणि गंमत पाहा, ज्या कुंडलच्या माळावर निवडुंगाखेरीज काही नव्हतं त्या कुंडलला आज सहकारी साखर कारखाना आहे, आणि सांगली जिल्ह्याच्या त्या भागात नजर जाईल तिकडे ऊस आहे.

ही सगळी हकीकत आम्ही दुकानात दोन बैठकांत सांगितली. दुसऱ्या दिवशी त्यांचा मुलगाही तेथे होता, पुण्याहून सुटीवर आलेला. तेथे तो एका कंपनीत आहे. बापाला विचारायचं होतं ते त्यांनी आमच्या तोंडून विचारलं, म्हणजे आमच्याकडे पाहून म्हणाले, “ह्यानं दुकानात बसाव का नाई, तुमीच सांगा साहेब.”

हे असं विचारतात तेव्हा आमची पंचाईत होते. बारा तासांची मेहनत, उधारीची वही, रातची लाइट. ह्यात ये म्हणून परक्याच्या पोराला कोणत्या तोंडाने सांगावं? आणि नको ये म्हटलं तर ह्या पंचक्रोशीतल्या मोटरी कोण भरील? आम्ही काहीच बोललो नाही. मुलगाच म्हणाला, “बाबा, तुमी उधारी कागदावर ठेवता, कोनाकडे किती ते तुमालेच आठवत नाई. मी पुन्याहून ते तरी मोबाइलवर लावून देतो. बसाचं पुढे पाहू.” त्यावर बापाने “तुह्या मायले दाखव, वही तिच्याचजवळ असते,” असं म्हणून पुन्हा तारेच्या रिळाला हात घातला. आमच्या सभासदाची मोटर त्या दिवशी दिवेलागणीला तयार झाली. पैसे निम्मे रोख, निम्मे उसाच्या बिलावर.

चरकाविषयी सांगायचं म्हणजे, त्यांनी तो भंगारात दिला नाही. रॉकेल लावून गंज उतरवला, दात्यांत ग्रीस भरलं. तिन्ही रूळ आता हाताने फिरतात. वरची दांडी मात्र नाही. ज्या सभासदांकडे जुन्या चरकाची बाभळीची दांडी पडून असेल, किंवा गुऱ्हाळाची कढई, लोखंडी नांगराचा फाळ, ‘किर्लोस्कर खबर’चा एखादा जुना अंक असेल, त्यांनी आपल्या गट कार्यालयात चिटबॉयजवळ कळवावं. दांडी मिळाल्यास गाळपाच्या सुरुवातीला गट कार्यालयासमोर बैल जुंपून चरक चालवायचं ठरलं आहे. ऊस आपापला आणावा. लोटे कार्यालयात आहेत.